मुलगा म्हणतो ‘मी आता पूर्ण ज्यू झालो’: एका घाबरलेल्या आईला माझं उत्तर

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय, आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, समाजातल्याच आहेत. मुलगा मागच्या ऑगस्टमध्ये मास्टर्स करायला बॉस्टनला गेला. पहिले दोन महिने रोज फोन, मग आठवड्याला एक, आणि गेल्या महिन्यात एकदम सांगतो की आई मी दर शनिवारी एका मंडळीत जातो, तिथे हिब्रूत प्रार्थना असते, प्रार्थनेची शाल (तल्लीत) घालतात, तोरा हा धर्मग्रंथ वाचतात, आणि येशू हाच मशीहा, म्हणजे देवानं पाठवायचा तारणारा, हे मला पटलंय, पण मी धर्म बदललेला नाही हां, उलट मी आता पूर्ण ज्यू झालो. वडिलांनी तिथेच फोन आपटला, तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद. ताईंना तीन गोष्टी हव्यात. ही माणसं नक्की कोण, पोराला यातून बाहेर कसं काढायचं, आणि उद्या त्याला इस्रायलला जाऊन राहायचं झालं तर तो हक्क गेला का.

मी पण ठाण्याचीच, शार हशमाइम या सिनेगॉगमध्ये लहानाची मोठी झाले, आणि गेली तेवीस वर्षं अमेरिकेत ईशान्येकडच्या युनिव्हर्सिटी कॅम्पसवर ज्यू विद्यार्थ्यांबरोबर काम करते. अशी दोन-चार पोरं दर वर्षी माझ्यासमोर येऊन बसतात आणि बहुतेक वेळा त्यांच्या आधी आईचा फोन आलेला असतो.

ताई, बाकी सगळं नंतर, आधी तुमच्या मिस्टरांना मुलाला फोन करायला लावा. आजच. धर्मावर एक शब्द काढायचा नाही, फक्त म्हणायचं की मी फोन आपटला ते चुकलं, तू जेवलास का. मला माहितेय हे ऐकून त्यांना राग येईल. पण या मंडळींकडे गेलेल्या मुलाला पहिल्या महिन्यातच बऱ्याचदा सांगून ठेवलेलं असतं की तुझे घरचे चिडतील, तुला टाकतील, सत्य स्वीकारणाऱ्याचं असंच होतं. मग बापानं फोन आपटला की त्या मुलाच्या डोक्यात काय येतं, की ही माणसं बोलली तस्संच झालं, म्हणजे बाकीचं पण खरंच असणार. तो एक आपटलेला फोन त्यांच्या दहा प्रवचनांइतकं काम करून जातो. माझ्यासमोर हे इतक्या वेळा झालंय की आता मी आईवडिलांना मुलाबद्दल काही विचारायच्या आधी हेच विचारते, की बोलणं चालू आहे ना.

आता ही माणसं कोण. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून हा मेसिॲनिक गट दिसतोय. म्हणजे श्रद्धा इव्हँजेलिकल ख्रिश्चनांची, पेहराव आणि उपासना ज्यू पद्धतीची. येशू म्हणत नाहीत, येशुआ म्हणतात. चर्च नाही, काँग्रिगेशन. पास्टरला रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, म्हणतात. क्रॉस कुठे दिसणार नाही, मेनोरा, म्हणजे ज्यूंचा अनेक फांद्यांचा दिवा, दिसेल. आणि ‘कन्व्हर्ट’ हा शब्द तर चुकून पण तोंडात येणार नाही, म्हणूनच तुमचा मुलगा म्हणतोय पूर्ण झालो. तो शब्द त्याचा नाहीये ताई, तयार मिळालेला आहे, माझ्याकडे येणारी पोरं तोच शब्द तशीच घेऊन येतात.

हे आजचं नाही. लंडनमध्ये १८०९ साली खास ज्यूंना ख्रिस्ती करायला संस्था निघाली होती. अमेरिकेत हंगेरीहून आलेल्या लिओपोल्ड कोह्ननं १८९४ मध्ये ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिलमध्ये, जिथे गरीब स्थलांतरित ज्यू दाटीवाटीनं राहायचे तिथे, मिशन काढलं. त्याच मिशनमध्ये पुढे मॉइश रोझेन तयार झाला, जन्मानं ज्यू, झाला बाप्टिस्ट मिनिस्टर, आणि त्यानं १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ज्यूज फॉर जीझस सुरू केलं. तो काळ बघा, व्हिएतनामचा शेवट, हिप्पी, घरदार सोडून फिरणारी तरुण मुलं, त्यात ज्यू मुलं भरपूर. रोझेनच्या लोकांनी छापील पत्रकं हातात घेऊन कॅम्पसच्या दारात उभं राहायला सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बऱ्याच चर्चेसनी मिळून देशभर प्रचाराची एक मोठी मोहीम काढली होती, ‘की ७३’ (Key 73) नावाची, तेव्हा ज्यू संस्था कॉलेजातल्या आपल्या मुलांबद्दल घाबरल्या. १९७५ मध्ये तिथल्या हिब्रू ख्रिश्चन अलायन्सनं स्वतःचं नाव बदलून मेसिॲनिक ज्यूइश अलायन्स केलं. या नावबदलातच सगळं आलं. आधीची माणसं म्हणायची आम्ही ज्यू होतो, आता ख्रिश्चन झालो, आणि नंतरची म्हणायला लागली आम्ही ज्यूच आहोत, तुमच्यापेक्षा जास्त.

आणि आपण बेने इस्राएल लोकांनी तर हे कोकणात दोनशे वर्षांपूर्वी बघितलंय, ही गोष्ट तुमच्या मुलाला जरूर सांगा, पण भांडताना नाही, गोष्ट म्हणून. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, शाळा काढल्या, आपले लोक त्या शाळांत शिकले आणि शिक्षक म्हणून नोकरीला पण लागले. १८२० च्या दशकात आपल्या मुलांसाठी शाळा चालवायला कोणाला आणलं माहितेय का, मायकेल सार्गनला, कोचीनचा ज्यू, मद्रासला बाप्तिस्मा घेतलेला. ज्यूकडे ज्यूलाच पाठवायचं ही पद्धत तेव्हाही होती. मग जॉन विल्सन आले, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीवर आहे. त्यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं, आपल्यासाठी. आपल्या पूर्वजांना शेमा, म्हणजे आपली मुख्य प्रार्थना, पाठ होता, पण हिब्रू वाचता येणारे फार थोडे होते, ते वाचायला पुष्कळांना मिशनऱ्यांनी शिकवलं. त्यांचा हिशोब असा की जुना करार नीट वाचला की ही माणसं आपोआप नव्याकडे येतील.

पण झालं काय, की आपल्या लोकांनी हिब्रू घेतली, शाळा घेतली, नोकऱ्या घेतल्या आणि शनिवारी काम बंद ते बंदच ठेवलं. ख्रिस्ती झाले ते अगदी मोजके. जोसेफ एझेकिएल राजपुरकर तर मुंबई युनिव्हर्सिटीचे हिब्रूचे परीक्षक झाले आणि त्यांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. हे लोक काय वादविवादात हरले नाहीत म्हणून टिकले का, नाही. विल्सनसाहेबांसारख्या विद्वानाशी वाद घालणारे आपल्यात तेव्हा होते तरी किती. ते टिकले कारण शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवा लागत होता, एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाचा मलिदा होत होता, लग्न-मयताला गावातले सगळे आपले गोळा होत होते. मनुकांच्या सरबतावर किद्दुश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, होत होता. घर भरलेलं होतं.

आता तुमच्या मुलाची बॉस्टनमधली खोली डोळ्यांसमोर आणा. तीन रूममेट, कोणी आपलं नाही. मायनस दहामध्ये बस स्टॉपवर उभा. नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगला अख्खं कॅम्पस रिकामं होतं, अमेरिकन मुलं घरी जातात, कँटीन बंद, लायब्ररी बंद, आणि परदेशी विद्यार्थी चार दिवस मॅगी खाऊन काढतात. कॅम्पसवरच्या धार्मिक गटांना हे पक्कं माहीत असतं. खूप चर्चेस परदेशी विद्यार्थ्यांना एअरपोर्टवरून आणायला गाडी पाठवतात, जुना सोफा, गादी, स्वयंपाकाची भांडी फुकट देतात, सुट्टीत घरी जेवायला बोलवतात. यातली बहुतेक माणसं मनापासून चांगली असतात हे मी शपथेवर सांगेन, माझ्या स्वतःच्या पहिल्या हिवाळ्यातला कोट अशाच एका चर्चमधल्या बाईंनी दिलेला होता आणि त्यांनी कधी एका शब्दानं धर्म काढला नाही. पण काही गटांत ते जेवण म्हणजे पहिली पायरी असते आणि दुसरी पायरी काय आहे हे जेवताना सांगितलं जात नाही. माझं भांडण फक्त या न सांगण्याशी आहे.

पण ताई, मला वेगळंच टोचतं, आणि ते आमच्या बाजूचं आहे. तुमचा मुलगा सप्टेंबरमध्ये, नव्याच्या सणाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, कॅम्पसवरच्या ज्यू सेंटरमध्ये गेला होता का, विचारा त्याला. मला वाटतं गेला असेल. आणि तिथे काय झालं असेल ते मी सांगते कारण माझ्या बाबतीत झालंय आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बेने इस्राएल मुलाच्या बाबतीत झालंय. कोणीतरी हसून विचारलं असेल, ओह, तू ज्यू आहेस? इंडियन? म्हणजे कन्व्हर्ट झालास का? आई ज्यू की वडील? वाईट हेतू नसतो, उत्सुकता असते. पण एका संध्याकाळी सहा जणांनी तेच विचारलं की माणूस ताटातलं तसंच ठेवून घरी जातो. आपल्या समाजाला हा प्रश्न नवीन नाही, इस्रायलमध्ये रब्बीनेटनं, म्हणजे तिथल्या सरकारी धर्मपीठानं, आपल्या लोकांच्या लग्नांना अडवून वंशावळी मागितल्या होत्या, आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये आपण पूर्णपणे ज्यू असल्याचं मान्य झालं. आजीनं ते भोगलं आणि साठ वर्षांनी नातू बॉस्टनमध्ये पेपर प्लेट हातात धरून तेच उत्तर देतोय.

आणि मग त्या मेसिॲनिक मंडळीत गेल्यावर काय होतं, त्याला दारातच मिठी मारतात. तू बेने इस्राएल? दोन हजार वर्षं भारतात टिकलेला? ये, पुढे बस, तुझ्याकडची प्रार्थना आम्हाला म्हणून दाखव. कोणी पुरावा मागत नाही. आता मला सांगा, एकोणीस-बावीस वर्षांचं पोर कुठे जाईल? माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक मुलगी यायची, आपल्यातलीच, नाव-गाव सांगत नाही. चौदा महिने अशाच गटात होती. मी तिला विचारलं की तुला नेमकं काय पटलं, तेव्हा ती म्हणाली मावशी, पटण्याचं मला नीट आठवतच नाही, मला एवढंच आठवतं की मी आजारी पडले तेव्हा तिथल्या तिघी जणी सूप घेऊन आल्या आणि ज्यू सेंटरमधून फक्त ईमेल आला होता. मी त्या दिवशी घरी जाऊन रडले, कारण तो ईमेल पाठवणाऱ्यांत मी होते.

म्हणून मी म्हणते तो तिथे यशया, म्हणजे बायबलमधल्या संदेष्ट्याचं पुस्तक, वाचून गेलेला नाही, तिथे बसायला जागा मिळाली म्हणून गेला. यशया नंतर आला.

तरी पण यशयाचं बोलू कारण तो तुम्हाला यावर घेरणार. त्रेपन्नावा अध्याय त्याच्या फोनमध्ये खुणा करून ठेवलेला असेल, दुःख सोसणारा सेवक, लोकांच्या पापांसाठी जखमी झालेला, वाचून कोणालाही येशूच आठवेल अशी रचना आहे आणि तो अध्याय एकटाच काढून हातात दिला तर आठवणारच. आपली परंपरा म्हणते आधीच्या अध्यायांपासून वाचत या. एकेचाळीस, चव्वेचाळीस, एकोणपन्नास, या अध्यायांत तो सेवक कोण हे नाव घेऊन सांगितलंय, इस्राएल, याकोब, म्हणजे आपले लोकच. राशी नावाच्या मध्ययुगातल्या मोठ्या ज्यू भाष्यकारानं पण त्रेपन्नाव्याचा अर्थ तसाच लावलाय. मात्र प्रामाणिकपणे हे पण सांगायला हवं की तालमुदात, म्हणजे आपल्या धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, या अध्यायातली एक ओळ मशीहाशी जोडलेली सापडते, आणि मिशनरी नेमकी तीच दाखवतात. ते नाकारू नका, खोटं पडाल. मशीहाबद्दल बोलणं वेगळं आणि तो मशीहा म्हणजे हाच माणूस हे वेगळं, एवढंच पुरे.

दुसरं म्हणजे सातवा अध्याय, चौदावी ओळ. हिब्रूत शब्द ‘अल्मा’ आहे, म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात तिथे कुमारिका या अर्थाचा शब्द आला आणि तिथून पुढे सगळं घडलं. गंमत नाही करत, पण तुमच्या घरातल्या कपाटात जे मराठी पवित्र शास्त्र आहे ना, त्यात बघा, तिथे ‘कुमारी’च असेल. कारण आपल्या घराघरांत जे मराठी बायबल आलं ते मिशनऱ्यांच्या परंपरेतलं भाषांतर आहे, आपण ते पिढ्यानपिढ्या आपलं म्हणून वाचलं. त्यामुळे मुलगा म्हणाला की आई आपल्याच घरच्या पुस्तकात लिहिलंय, तर तो खोटं बोलत नसेल.

पण हे फोनवर काढायचं नाही. माझा अनुभव असा की ओळींवरून वाद घालून एकही मूल परत आणता आलेलं नाही. वादात जिंकलात तर तो त्यांच्याकडे जाऊन उत्तर घेऊन येतो आणि अजून पक्का होतो. जेव्हा तो स्वतःहून विचारेल की आपल्यात याचा अर्थ काय लावतात, तेव्हा शिकलेल्या माणसाशी गाठ घालून द्यायची. अमेरिकेत १९८५ पासून ज्यूज फॉर ज्युडाइझम नावाची संस्था नेमकं हेच काम करते, फुकट. तो विचारेपर्यंत थांबायचं, आणि विचारतात, बहुतेक जण कधी ना कधी विचारतातच.

आता एक महत्त्वाचा फरक समजून घ्या, कारण त्यावर तुम्ही किती घाबरायचं ते ठरतं. श्रद्धा बदलणं एक आणि माणूस ताब्यात जाणं दुसरं. कॅम्पसवर दोन्ही प्रकारचे गट असतात. बॉस्टनचंच उदाहरण घ्या, १९७९ मध्ये तिथल्या लेक्सिंग्टन गावात किप मॅकीन नावाच्या माणसानं एक चर्च हातात घेतलं, पुढे ते बॉस्टन चर्च ऑफ क्राइस्ट म्हणून वाढलं. प्रत्येक नव्या सभासदावर एक जुना माणूस नेमायचे, शिष्य करून घेणं म्हणायचे त्याला, आणि कोणाशी मैत्री करायची, कोणाबरोबर डेटवर जायचं, पैसे किती द्यायचे, हे त्या माणसाला विचारून. मुलांचे अभ्यास बसले, झोपा गेल्या, शेवटी बॉस्टन युनिव्हर्सिटीनं १९८७ मध्ये त्यांना कॅम्पसवर बंदी घातली, नंतर इतर बऱ्याच कॉलेजांनी. हे ज्यूंच्याच मागे होते असं नाही, कोणीही एकटं दिसलं की जायचे. त्याच्या आधी सत्तरच्या दशकात कोरियाच्या मून यांच्या युनिफिकेशन चर्चनं कॅम्पसवर वेगळ्याच नावानं विद्यार्थी संघटना चालवली, त्यात ज्यू मुलं लक्षात येईल इतकी होती. स्टीव्ह हसन, जो आज या विषयावरचा मोठा जाणकार आहे, तो स्वतः न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात १९७४ मध्ये असाच ओढला गेला, एकोणीस वर्षांचा ज्यू मुलगा, कँटीनमध्ये दोन-तीन मुली येऊन गोड बोलल्या, आम्ही विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहोत म्हणाल्या, चर्चचं नावच नाही.

तर तुमच्या मुलाचा गट कुठल्या जातीचा आहे हे कसं ओळखायचं. मशीहाबद्दल काय मानतात यावरून कळत नाही. असं विचारा, गप्पांच्या ओघात. रात्री किती वाजता झोपतोस? या शनिवारी नाही गेलास तर कोणी काही म्हणेल का? ग्रुपच्या बाहेरचे मित्र अजून भेटतात ना, ते पुण्याचे दोघं होते ते? पैसे देतोस का आणि किती ते कोण ठरवतं? ज्यांनी ग्रुप सोडला ते आता कुठे आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलतात? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त सांगून जातो. चांगल्या मंडळीत सोडून गेलेल्या माणसाची आठवण काढतात, ताब्यात ठेवणाऱ्या गटात त्याचं नाव घेतलं की सगळे गप्प होतात. तो नीट झोपत असेल, मार्क बरे असतील, तुम्हाला स्वतःहून सगळं सांगत असेल, आणि त्यानं सांगितलंच ना तुम्हाला, लपवलं नाही, तर ताई हा मुलगा ताब्यात गेलेला नाही, तो शोधतोय. पण झोप उडालीये, कोर्स सोडायच्या गोष्टी करतोय, फोनवर शेजारी कायम कोणीतरी असतं, तर मग मला वेगळ्यानं कळवा, तिथे काम वेगळं असतं.

आणि थोडा धीर येईल असं सांगते. ब्रिटनमधल्या समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी मून यांच्या गटाचाच बारकाईनं अभ्यास केला होता, जो गट तेव्हा माणसांना जादूनं वश करतो असं लोक म्हणायचे. त्यांना दिसलं की शिबिराला राहायला गेलेल्यांतले सुमारे नव्वद टक्के लोक सामील झालेच नाहीत, आणि जे झाले त्यांतले पण बरेच पुढे काही वर्षांत आपापले बाहेर पडले. मला पण हेच दिसतं. मुलं जातात, राहतात, आणि पुष्कळ जण निघतात. निघताना त्यांना परत यायला दार उघडं दिसलं पाहिजे, नाहीतर ती निघून तिसरीकडेच जातात.

बाहेर कसं काढायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. काढायचं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे आईवडील भाड्यानं माणसं लावून सज्ञान मुलांना गाडीत कोंबून मोटेलमध्ये डांबून ठेवायचे, त्याला डीप्रोग्रॅमिंग म्हणायचे. किती घरं कायमची मोडली त्यात. १९९५ मध्ये सिॲटलच्या कोर्टात अशाच एका मुलानं केलेल्या खटल्यात ज्युरीनं लाखो डॉलरची भरपाई ठोठावली आणि तो धंदा जवळजवळ बसला. तुम्ही गाडीत कोंबणार नाही हे मला माहितेय, पण फी भरणार नाही म्हणणं, आजी आजारी आहे सांगून बोलावून घेणं आणि पासपोर्ट काढून घेणं, हे त्याचेच प्रकार आहेत आणि हे सगळं आपल्या लोकांनी केलेलं मी बघितलंय. एका घरानं तर जिवंत मुलासाठी शिवा, म्हणजे मेलेल्या माणसासाठीचं सात दिवसांचं सुतक, पाळला. तो मुलगा आज चाळिशीचा आहे, त्या गटात तो फार तर दोन वर्षं होता, पण घरी तो परत गेला नाही.

युनिव्हर्सिटीकडे तक्रार करून गट बंद करता येईल का, तर सरकारी युनिव्हर्सिटीत जवळजवळ नाही. लॉस एंजेलिसच्या सरकारी एअरपोर्टनं कुठलाही प्रचारच बंद करायचा नियम केला होता, ज्यूज फॉर जीझसचा माणूस पत्रकं वाटताना अडवला, आणि १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टात नऊच्या नऊ न्यायाधीशांनी तो नियम उडवला. मला वैयक्तिक वाटतं ते बरोबर झालं. आपल्याला उद्या कोणी मेनोरा लावू देणार नाही तेव्हा हाच निकाल आपल्या बाजूनं उभा राहील. तुमच्या मुलाची युनिव्हर्सिटी खासगी असेल तर तिचे नियम कडक असू शकतात, पण तिथे पण तक्रार करायची ती फसवणुकीची, म्हणजे डॉर्ममध्ये दारं ठोठावणं, खोटं नाव सांगून खोली घेणं, धर्माचा उल्लेख न करता सर्व्हे म्हणून फोन नंबर गोळा करणं. विश्वास काय ठेवतात याची तक्रार नाही. आणि हीच फूटपट्टी मी ज्यू गटांना पण लावते. कॅम्पसवर आपल्यातल्या कमी धार्मिक मुलांना जास्त धार्मिक करायला पण लोक येतात, फुकट इस्रायल ट्रिप, वर्ग केलेत तर पैसे, हे सगळं चालतं. तिथे एखाद्यानं शेवट काय आहे ते लपवलं तर मी त्याला पण तितकंच वाईट म्हणते आणि तसं तोंडावर म्हणून माझे संबंध बिघडलेले आहेत.

ख्रिश्चन सगळे सारखे धरू नका हे पण सांगते. सदर्न बाप्टिस्टांनी १९९६ मध्ये ज्यूंमध्ये प्रचार वाढवायचा उघड ठराव केला, आणि कॅथलिक चर्चनं डिसेंबर २०१५ मध्ये व्हॅटिकनमधून लेखी सांगितलं की ज्यूंसाठी म्हणून वेगळं मिशन आम्ही चालवत नाही आणि अशा मिशनला पाठिंबा देत नाही. कॅम्पसवरच्या कॅथलिक फादरनी मला दोनदा स्वतःहून फोन करून सांगितलंय की तुमचा एक मुलगा एकटा पडलाय, बघा.

तिसरा प्रश्न, इस्रायलचा. १९५० च्या परतीच्या कायद्यात, म्हणजे ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन राहायचा हक्क देणाऱ्या कायद्यात, १९७० मध्ये दुरुस्ती झाली, त्यात ज्यू म्हणजे ज्यू आईपोटी जन्मलेला किंवा ज्यू झालेला आणि दुसऱ्या धर्माचा सभासद नसलेला, अशी व्याख्या आली. त्याच्या आधी १९६२ मध्ये ब्रदर डॅनियल नावाच्या, जन्मानं ज्यू पण कॅथलिक संन्यासी झालेल्या माणसाला कोर्टानं ज्यू म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं, आणि १९८९ मध्ये बेरेस्फर्ड नवरा-बायकोच्या खटल्यात मेसिॲनिक ज्यूंना पण तो हक्क नाही असं ठरलं. म्हणजे धोका खरा आहे. पण तुमचा मुलगा शनिवारी कुठेतरी जाऊन बसतोय आणि त्याला काहीतरी पटलंय एवढ्यानं हक्क गेलाच असं मी म्हणणार नाही, पण राहिलाच असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. औपचारिक सभासद होणं, बाप्तिस्मा घेणं, तिथून धोका आणखी वाढतो. त्यानं बाप्तिस्मा घेतलाय का हे मला तुमच्या लिहिण्यात दिसलं नाही, ते शांतपणे विचारा, आणि नसेल घेतला तर मी वर सांगितलेले दोन खटले त्याला आईची धमकी म्हणून नाही तर माहिती म्हणून सांगा, कारण हे त्याला तिथे कोणी सांगितलेलं नसणार. सज्ञान मुलाला सही करायच्या आधी काय सही करतोय ते कळायला हवं. धर्मशास्त्राप्रमाणे म्हणाल तर तालमुद म्हणतं इस्राएलनं पाप केलं तरी तो इस्राएलच, रब्बायच्या दृष्टीनं त्याचं परतीचं दार बंद होत नाही. आणि एक लक्षात ठेवा, २०१३ मध्ये प्यू या पाहणी करणाऱ्या संस्थेनं अमेरिकेतल्या ज्यूंना विचारलं तेव्हा चौतीस टक्के म्हणाले की येशूला मशीहा मानूनही माणूस ज्यू असू शकतो. मला ते पटत नाही, पण तुमचा मुलगा ज्या देशात राहतोय तिथे त्याच्या कानावर हे रोज पडतंय, त्याला वेडा ठरवू नका.

मग आता करायचं काय. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावता तेव्हा बॉस्टनमध्ये सकाळ असते, थंडीत साडेसातच्या आसपास, उन्हाळ्यात नऊच्या. दिवे लावायच्या पाच मिनिटं आधी व्हिडिओ कॉल लावा, त्याला फक्त बघू द्या, बाकी त्याचा अभ्यास, थंडी, जेवण. दर शुक्रवारी, चुकवायचं नाही. येशुआचं त्यानं काढलं तर ऐका, मला हे पटत नाही पण तू सांग, एवढंच म्हणा. मला त्याच्या युनिव्हर्सिटीचं नाव कळवा, तिथलं हिलेल, म्हणजे ज्यू विद्यार्थ्यांचं केंद्र, कोण चालवतं ते मी बघते आणि छाबडवाले, म्हणजे आपल्या नरिमन हाऊसचेच लोक, त्यांच्या तिथल्या रब्बायशी पण बोलते. बेने इस्राएल म्हणजे कोण हे मी त्यांना आधीच नीट सांगून ठेवते म्हणजे तुमच्या मुलाला दारात ते प्रश्न परत ऐकायला लागणार नाहीत. बोलावणं आलं की तो पहिल्यांदा नाही म्हणेल. दुसऱ्यांदा पण म्हणेल.

तुम्ही विचारलंत की मी तिकीट काढून येऊ का. आत्ता नको, आत्ता आलात तर त्याला ती धाड वाटेल. पेसाहच्या सणाला खजुराचं शीरप करता ना घरी, ते बाटलीत नीट पॅक करून कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठवा, बॉस्टनला ठाण्याचं कोणी ना कोणी दर महिन्याला येतच असतं. बरोबर मिस्टरांच्या हातची चिठ्ठी असू दे, दोन ओळींची, तिकीट मी काढतोय सुट्टीत घरी ये. आणि त्यानं मित्राला बरोबर आणू का विचारलं, त्या मंडळीतल्या मित्राला, तर हो म्हणा.